फाटलेल्या खांद्याची शिवण

"साहेब, फाटलंय म्हणता, तर मग शिवून टाका की!"

खांद्याच्या एमआरआयचा अहवाल हातात पडला की आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकडचा माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो. म्हणणं रास्त आहे. सदरा फाटला तर आपण शिवतो, सोयाबीनचा कट्टा उसवला तर दाभण आणि सुतळी घेतो, मग खांद्यातलं फाटलेलं तसंच का ठेवायचं? डॉक्टर मात्र लगेच हो म्हणत नाहीत. एक शिवू म्हणतो, दुसरा सांधाच बदला म्हणतो, तिसरा तीन महिने व्यायाम करून या म्हणतो. घरच्यांना वाटतं, कुणालाच नीट कळलेलं नाही. खरं म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात. फाट मोठी असली की "शिवता येईल का" हा प्रश्न अर्धाच राहतो. "शिवलेलं धरेल का" हा उरलेला अर्धा, आणि सगळी गुंतागुंत त्यातच आहे.

१. घागर आणि चुंबळ

खुब्याचा सांधा उखळासारखा आहे. वाटी खोल, तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा पक्का बसलेला. खांद्याची वाटी मात्र अगदी उथळ. खवाट्याच्या म्हणजे पाठीवरच्या तिकोनी हाडाच्या कडेला ती असते आणि दंडाच्या हाडाचा मोठा गोळा तिला नुसता टेकलेला असतो. चुंबळीवर भरलेली घागर असते ना, तसा. चुंबळ घागरीला जागा देते, पण घागर पडू न देण्याचं काम हाताचं आणि मानेचं. या उथळपणामुळेच आपला हात पाठीमागे, डोक्यावर, कुठंही जातो. खुबा असा फिरत नाही.

खांद्यातली घागर सांभाळणारे चार स्नायू खवाट्यापासून निघतात. वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस आणि त्याच्याखाली टेरिस मायनर, पुढून सबस्कॅप्युलारिस. नावं पाठ करायची गरज नाही: एक वरचा, दोन मागचे, एक पुढचा. स्नायूचं मांस जिथं संपतं तिथून त्याची पांढरी, चिवट पट्टी होते. तिला कंडरा म्हणतात. या चार कंडरा गोळ्याभोवती सदऱ्याच्या बाहीच्या कफासारख्या गुंडाळून हाडाला चिकटतात, म्हणून त्यांना मिळून रोटेटर कफ असं नाव पडलं. छातीतल्या कफाशी त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अहवालात "कफ" वाचून खोकल्याचं औषध मागणारेही असतात.

खांद्यावर बाहेरून दिसणारा गुबगुबीत स्नायू म्हणजे डेल्टॉइड. हात उचलण्याचा जोर त्याचाच, पण तो ओढतो तेव्हा गोळा वर सरकू पाहतो. चार कंडरा गोळ्याला वाटीत दाबून धरतात, म्हणून त्या ओढीने गोळा घसरत नाही, हात उचलला जातो. कंडरा मोठ्या फाटल्या की डेल्टॉइड ओढत राहतो, गोळा वरच्या हाडाच्या छताला जाऊन टेकतो आणि हात जागेवरच राहतो.

२. हात नुसता आडवा धरला तरी

या कंडरांवर भार किती येतो, याचा हिशोब साधा आहे. पहारीचं एक टोक मुठीत धरून ती आडवी उचलून पाहा. वजन तेच, पण मनगटाला ते कितीतरी पटींनी जाणवतं. हाताचंही तसंच आहे.

साठ किलोच्या माणसाचा एक हात साधारण ३ किलोचा. आडवा धरला तर त्याचं वजन सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आहे असं मानू. स्नायूंची ओढ मात्र सांध्यापासून ३ सेंटिमीटरच्या आसपास लागते. आता ३ गुणिले ३० म्हणजे ९०, त्याला ३ ने भागलं की ३० किलो. म्हणजे रिकामा हात आडवा धरायलाच ३० किलोची ओढ हवी. त्याच हातात दोन लिटर दुधाची किटली दिली, ६० सेंटिमीटरवर, तर आणखी १२० भागिले ३, म्हणजे ४० किलो. एकूण ७०. हा भार डेल्टॉइड आणि कफ वाटून घेतात. तरी मोंढ्यात उंच थप्पीवर कट्टा चढवणाऱ्या हमालाच्या किंवा पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणी करणाऱ्या माणसाच्या खांद्याचं काय होत असेल, ते यावरून समजावं.

३. मोठी फाट म्हणजे केवढी

कंडरा हाडापासून किती सुटली हे सेंटिमीटरमध्ये मोजतात. १ पेक्षा कमी ती लहान, १ ते ३ मध्यम, ३ ते ५ मोठी आणि ५ च्या पुढची अतिमोठी. मोजण्याची दुसरी रीत म्हणजे चारांपैकी दोन किंवा जास्त कंडरा पूर्ण सुटल्या असतील तर ती अतिमोठी. दोन्ही रीती वापरात आहेत, म्हणून दोन अहवालांत दोन शब्द दिसले तर घाबरू नये.

घरी ओळखायची एक खूण आहे. आखडलेला खांदा आणि फाटलेला खांदा यांत लोकांची नेहमी गल्लत होते. खांदा आखडला असेल तर दुसऱ्यानं उचलूनही हात वर जात नाही. कंडरा फाटली असेल तर दुसरा माणूस हात वर नेऊ शकतो, पण त्यानं सोडला की तो खाली पडतो. आखडलेल्या खांद्याला वेळ देता येतो. पडल्यावर एकाएकी असा लुळा झालेला हात मात्र चोळत बसण्याची गोष्ट नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक फाट दुखतेच असं नाही. जर्मनीत खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ४११ जणांची सोनोग्राफी केली, त्याचा अहवाल १९९९ साली आला. त्यात २३ टक्के लोकांच्या कंडरा फाटलेल्या निघाल्या, आणि ऐंशीच्या पुढच्यांत तर निम्म्यांहून जास्त जणांच्या. कंडरा वयाबरोबर झिजते, केसांसारखीच. म्हणून नुसत्या कागदावरच्या फाटीसाठी कुणी शस्त्रक्रिया करू नये. ती करायची दुखण्यासाठी आणि अडलेल्या कामासाठी.

४. सुतळी आणि बारदाना

जुना, पावसात भिजून कुजलेला बारदाना नव्या कोऱ्या सुतळीनं शिवून पाहा. सुतळी तुटत नाही. ती बारदान्यालाच कापत बाहेर येते.

खांद्यात नेमकं हेच होतं. आजचे शस्त्रक्रियेचे धागे फार मजबूत आहेत, हाडात बसवायच्या खुंट्याही. त्यांना अँकर म्हणतात. शिवण उसवते ती बहुतेक वेळा धागा कंडरेतून कापत बाहेर आल्यामुळे. म्हणून शस्त्रक्रियेआधी सर्जन फाट जितकी बघतो तितकाच तिच्यामागचा स्नायू बघतो. कंडरा सुटली की तिच्यामागच्या स्नायूला काम उरत नाही. तो आखडून मागे जातो, बारीक होतो आणि त्याच्या मांसात हळूहळू चरबी भरते. फ्रान्समधल्या गुटालिए यांनी १९९४ साली या चरबीच्या पायऱ्या ठरवल्या, ० ते ४. तिसऱ्या पायरीवर चरबी आणि मांस निम्मंनिम्मं, चौथीवर मांसापेक्षा चरबी जास्त. अहवालात "ग्रेड ३" किंवा "ग्रेड ४" दिसलं तर शिवण टिकण्याची आशा बरीच कमी झाली असं समजावं. भरलेली चरबी शिवल्यावरही बहुधा परत जात नाही.

साध्या एक्स-रेतही एक खूण सापडते. दंडाचा गोळा आणि वरचं छत यांच्यात सात मिलिमीटरपेक्षा कमी जागा उरली असेल, तर घागर चुंबळीवरून वर सरकलेली आहे आणि फाट जुनी आहे.

आता या भागातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते ती सांगतो. समजा, बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस मृगाच्या पावसात ट्रॉलीवरून घसरून हातावर पडला. हात उचलत नाही. घरचे म्हणतात, पेरणी होऊ द्या. मग खुरपणी, फवारणी, मग "सुगी होऊन जाऊ द्या, दिवाळीनंतर बघू". जूनमध्ये तोच स्नायू ताजा होता आणि कंडरा ओढली की हाडापर्यंत येत होती. नोव्हेंबरपर्यंत पाच महिने गेले, स्नायू मागे सरकला, चरबी भरायला लागली. पडल्यामुळे एकाएकी झालेली मोठी फाट पहिल्या काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांच्या आत शिवलेली बरी. झिजून हळूहळू झालेल्या फाटीत एवढी घाई नसते. या दोन फाटी एकसारख्या दिसल्या तरी एकसारख्या नाहीत, आणि हा फरक गावोगावच्या दवाखान्यांत, हाडवैद्यांच्या ओट्यावरसुद्धा, माहीत व्हायला हवा.

५. पूर्ण शिवण

ही शस्त्रक्रिया नवी नाही. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी फाटलेली कंडरा हाडाला शिवल्याची नोंद १९११ साली छापली. तेव्हा खांदा उघडावा लागे. आता बहुतेक ठिकाणी बोराएवढ्या चार-पाच छिद्रांतून दुर्बिणीनं काम होतं. चिकटलेली कंडरा मोकळी करायची, हाडाची जागा खरवडून ताजी करायची, तिथं अँकर बसवायचे आणि त्यांच्या धाग्यांनी कंडरा दाबून बांधायची. अँकरच्या दोन ओळी लावल्या की दाब जास्त जागेवर पडतो.

फाट इंग्रजी यू अक्षरासारखी खोल असेल तर कंडरेचा मधला भाग ओढून हाडापर्यंत आणू नये. ताण असह्य होतो. आधी दोन्ही कडा एकमेकींना शिवत यायचं, साखळी ओढल्यासारखं. फाट हाडाकडे सरकत लहान होते आणि शेवटी हाडावर फारसा ताण न देता बसते. ओढून-ताणून बसवलेली कंडरा म्हणजे उसवणारी कंडरा.

टिकते किती? अमेरिकेतल्या गलाट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रामाणिक अहवाल दिला. दुर्बिणीनं शिवलेल्या मोठ्या फाटींच्या अठरा रुग्णांची नंतर सोनोग्राफी केली, तर सतरा जणांची शिवण पुन्हा उसवलेली. तरीही त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं पहिल्या वर्षी कमी झालं होतं, हात वर जात होता. दुसऱ्या वर्षी हा फायदा काहीसा ओसरला. तेव्हापासून धागे आणि बांधण्याच्या पद्धती सुधारल्या आहेत, आकडे आज इतके वाईट नाहीत. पण वय, चरबी आणि फाटीचा आकार वाढेल तसा धोका वाढतो, हे कायम आहे. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि निकोटीन दोन्ही कंडरा जुळू देत नाहीत. तंबाखूची डबी शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतर काही महिने बाजूला ठेवावीच लागते. खांद्यात स्टेरॉइडची सुई घेतली असेल तर तेही सर्जनला सांगावं. ती ताजी असताना शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, आणि वारंवार घेतल्यानं कंडरा कमजोर होते.

६. अर्धी शिवण, आणि मुळीच न शिवणं

मांडवाचं वरचं कापड फाटलं तरी पुढचे आणि मागचे ताणे सारखे ओढलेले असतील तर मांडव उभा राहतो. टेक्सासच्या स्टीफन बर्कहार्ट यांनी खांद्याबद्दल हेच दाखवलं. वरची कंडरा हाडापर्यंत येतच नसेल तर तिच्यामागे लागू नये. पुढची आणि मागची कंडरा जेवढी बसेल तेवढी बसवावी. दोन्ही बाजूंची ओढ तोलली की मधे भोक राहूनही हात उचलतो. याला अर्धी शिवण म्हणू. ऐकताना ती हलगर्जी वाटते, पण मोठ्या फाटीत अनेकदा तीच शहाणी शस्त्रक्रिया असते.

ज्याचा हात वर जातो पण दुखणं रात्री झोपू देत नाही, अशा वयस्क माणसाला कधी नुसती साफसफाई पुरते. लोंबते तुकडे काढायचे आणि सांध्यातून जाणारी, चेपून सुजलेली बायसेप्सची कंडरा सोडवायची. दंडावर थोडा फुगवटा दिसतो, ताकद फारशी जात नाही.

आणि व्यायाम. तो "काहीच न करणं" नव्हे. उताणं झोपून, कोपर वाकवून हात छताकडे नेणं, मग सरळ करणं, मग हातात पाण्याची छोटी बाटली घेणं, मग हळूहळू उशा लावून उठत जाणं. दिवसातून तीन ते पाच वेळा, तीन महिने. डेल्टॉइडचा पुढचा भाग एवढा तयार होतो की सत्तरीच्या काही माणसांचा हात कंडरा न शिवता परत डोक्यावर जातो. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाण्याआधी हे तीन महिने द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. ताज्या फाटीला मात्र हे लागू नाही.

७. फुगा आणि ठिगळ

गोळा आणि छत यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यानं भरलेला, वर्षभरात विरघळणारा फुगा ठेवायचा, ही कल्पना मोहक होती. ब्रिटनमध्ये ११७ रुग्णांवर नीट तुलना झाली, निम्म्यांना साफसफाई आणि निम्म्यांना साफसफाई अधिक फुगा. २०२२ साली निकाल आला तो असा की नुसती साफसफाई झालेले जास्त बरे होते. महागड्या नव्या साधनाचं नाव कुणी घेतलं तर हा निकाल लक्षात असू द्यावा.

ठिगळाची गोष्ट वेगळी. जपानमधले तेरुहिसा मिहाता २००७ पासून रुग्णाच्याच मांडीवरची जाड पांढरी पट्टी काढून वाटीच्या वरच्या कडेपासून दंडाच्या गोळ्यापर्यंत बसवू लागले. हे ठिगळ हात उचलत नाही, ते फक्त गोळ्याला वर सरकू देत नाही. त्यांच्या पहिल्या २४ खांद्यांत हात सरासरी ८४ अंशांपर्यंत जायचा तो १४८ पर्यंत जाऊ लागला. पुढं इतरांनी दान केलेल्या कातडीची पातळ ठिगळं वापरली, तेव्हा निकाल तितके चांगले आले नाहीत. ठिगळाची जाडी इथं महत्त्वाची ठरते.

८. उसना स्नायू

समजा, अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी. तीन वर्षांपासून फाट, मागच्या स्नायूंत चरबी. हात कसाबसा उठतो, पण घास तोंडाकडे नेताना कोपर उंच करावं लागतं, कारण दंड बाहेर वळतच नाही. सांधा मात्र झिजलेला नाही. शिवायला कंडरा नाही, सांधा बदलायला वय कमी.

अशा वेळी शेजारचा स्नायू उसना घेतात. स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियान गेर्बर यांनी १९८८ साली पाठीवरचा रुंद स्नायू, लॅटिसिमस डॉर्सी, त्याच्या जागेवरून सोडवून दंडाच्या वरच्या टोकाला नेऊन बसवण्याची पद्धत मांडली. अलीकडे त्याऐवजी ट्रॅपिझियस या पाठीवरच्या दुसऱ्या स्नायूचा खालचा भाग वापरतात, कारण त्याची ओढ मागच्या फाटलेल्या स्नायूच्या दिशेनंच असते. उसन्या स्नायूला नवं काम शिकवावं लागतं, आणि ते शिकायला महिने जातात. पुढचा स्नायू शाबूत असेल तरच हे जमतं.

९. घागर उलटी

चौऱ्याहत्तर वर्षांची आजी. हात खांद्याइतकाही उचलत नाही, वेणी नात घालते, एक्स-रेत गोळा छताला टेकलेला आणि सांधा झिजलेला. इथं शिवण, ठिगळ, उसना स्नायू, सगळं थकलं.

साधा कृत्रिम सांधा बसवला तर नवा गोळाही जुन्यासारखाच वर सरकेल, कारण सांभाळणाऱ्या कंडराच नाहीत. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास उत्तर शोधलं: घागर आणि चुंबळ यांची अदलाबदल करा. खवाट्यावर धातूचा गोळा बसवायचा आणि दंडाच्या टोकाला वाटी. सांध्याचा मध्य आत आणि खाली येतो, डेल्टॉइड ताणला जातो, त्याची ओढ सांध्याच्या मध्यापासून जास्त लांबून लागते. कंडरांशिवाय एकटा डेल्टॉइड हात डोक्यापर्यंत नेतो. याला उलटा सांधा म्हणतात. दुखणं कमी करण्यात आणि हात उचलण्यात या वयाला त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही.

किंमत आहेच. जंतुसंसर्ग होऊ शकतो, सांधा निखळू शकतो, हात बाहेर वळवण्याची ताकद बहुधा तेवढीच राहते. जड वजन उचलायला बंदी, ती जन्मभर. म्हणून पन्नाशीच्या हमालाला तो शक्यतो बसवत नाहीत, पासष्ट-सत्तरीपुढे विचार करतात. आजीला कट्टा उचलायचा नाही, वेणी घालायची आहे.

१०. नंतरचे महिने

सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. तो भारतीय संघात परतला सप्टेंबरमध्ये, मलेशियातल्या मालिकेत, आणि पहिल्याच सामन्यात त्यानं नाबाद १४१ केल्या. बत्तीस वर्षांच्या तरण्याबांड खेळाडूला, दिमतीला फिजिओ असताना, आंतरराष्ट्रीय मैदानात यायला जवळजवळ सहा महिने लागले. मोठ्या फाटीच्या आपल्या माणसाला त्याहून कमी लागतील अशी अपेक्षा घरच्यांनी ठेवू नये.

पहिले सहा आठवडे हात झोळीत. झोप आरामखुर्चीत किंवा उशा रचून अर्धवट बसून, कारण आडवं झालं की खांदा ठणकतो. कपडे पुढून बटणांचे. या काळात हात दुसऱ्यानं हलवायचा, आपण नाही. सहा ते बारा आठवड्यांत स्वतः हळूहळू उचलायचा. ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांनंतर. पाण्याची बादली, दुधाची कासंडी, मोटारसायकलला किक, हे सगळं सर्जननं हो म्हटल्यावरच. बरं वाटायला लागतं ते दुसऱ्या महिन्यात, आणि शिवण उसवण्याचा धोका मोठा असतो तोही तेव्हाच. घरात दुसरे हात कोणाचे आहेत, हे तारीख ठरवतानाच बघावं.

खर्चाचंही आधीच विचारून घ्यावं. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत नांदेड होता. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. कोणती शस्त्रक्रिया आणि कोणतं साहित्य यादीत बसतं ते रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. अँकर किती लागतील आणि त्यांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न त्याला थेट विचारावा. नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. निदान आणि पहिला सल्ला तिथं घेता येतो.

सर्जनसमोर बसल्यावर कागद पुढं सरकवून तीन गोष्टी विचाराव्यात. फाट पडून झाली की झिजून? मागच्या स्नायूत चरबी कोणत्या पायरीवर आहे? आणि आत गेल्यावर कंडरा हाडापर्यंत आलीच नाही, तर तुम्ही त्याच बैठकीत पुढं काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सही करण्याआधी मिळायला हवं, कारण भूल दिल्यावर ते विचारायला रुग्ण जागा नसतो.